डाव्या खिशातले चिंचोके

मार्चमधल्या एका शनिवारी चौगुले सरांनी शिवलीलाला थांबवलं नाही. नवव्या इनिंगमध्ये तिचा हात गेला. गदा तिला मिळाली. सर त्यानंतर मैदानावर आले नाहीत.

सर वारले तेव्हा कॉलेजात शोकसभा झाली. कोल्हापूरहून देसाई सर आले होते. ते शहरातल्या एका मोठ्या कॉलेजचे क्रीडा संचालक. ते म्हणाले, "चौगुले म्हणजे मैदानावरचा मल्ल. शेवटपर्यंत माघार नाही." सभागृहात माना डोलल्या. ज्या माणसानं सगळी नोकरी मुलींना वेळेवर माघार घ्यायला शिकवण्यात घालवली, त्याच्याविषयी हे बोललं जात होतं. आणि ते खोटं आहे असंही म्हणता येत नव्हतं. एका दुपारपुरतं ते खरं होतं. लोकांच्या लक्षात तेवढीच दुपार राहिली.

प्राचार्यांनी मला दोन शब्द बोलायची खूण केली. मी मान हलवून नाही म्हटलं. तिथं बोलायचं राहिलं ते इथं लिहिते आहे.

आमचं कॉलेज पेठ वडगावात. मी तिथं ग्रंथपाल, सर शारीरिक शिक्षणाचे. दोघंही राहायला कोल्हापुरात, म्हणून सकाळची एसटी एकच. बुटका, रुंद माणूस. कान मात्र धड. हे मुद्दाम लिहिते, कारण त्यांच्या वडिलांचे कान तालमीत मोडलेले होते आणि घरात त्या कानांचा मोठा मान होता. वडिलांनी आपली मान दुखते हे कधी कुणाला सांगितलं नाही. पैलवानानं दुखतंय म्हणायचं नसतं. शेवटी ती मान वळेनाशी झाली. सर म्हणायचे, "आमचा म्हातारा मागनं कोण हाक मारली की अख्खा फिरायचा, मॅडम. देवळातल्या मूर्तीगत." हे ते हसत सांगत. पण तालमीत ते स्वतः कधी उतरले नाहीत, आणि आख्ख्या कोल्हापुरात कुणी ढुंकून बघत नाही असा बेसबॉल धरून बसले.

बेसबॉल म्हणजे काय हे मला त्यांनीच एसटीत शिकवलं. मातीच्या छोट्या उंचवट्यावर एक खेळाडू उभा राहतो, तो पिचर. त्यानं चेंडू फेकायचा, समोरच्यानं दांड्यानं मारायचा. मारणाऱ्याला मारू द्यायचं नाही, हे पिचरचं काम. समोरचे तिघं आऊट झाले की एक इनिंग संपली. बाकीचे आठ जण मागं उभे असतात, तरी सगळा खेळ त्या एका हातावर. "आणि हात म्हंजे हिरीचं पाणी," सर म्हणायचे. "उपसलं की थांबायचं. झरू द्यायचं. रोज उपसली तर हीर बी गाळच देती."

म्हणून चिंचोके. सरांच्या ट्रॅकपँटच्या उजव्या खिशात सामन्याआधी ठरलेले चिंचोके असायचे. पिचरनं एक चेंडू फेकला की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. उजवा खिसा रिकामा झाला की पिचर बाहेर. मग सामना कुठंही असो. एकदा आमच्या मुली अंतिम सामन्यात पुढं होत्या, दोन आऊट झालेले, एक बाकी, आणि सर सरळ मैदानात चालत गेले आणि पिचरच्या हातातला चेंडू काढून घेतला. बदली आलेल्या मुलीनं सामना घालवला. परत येताना एसटीत एक विद्यार्थिनी रडत होती. सर पिचरकडं बोट दाखवत तिला म्हणाले, "रडू नको. कप हरवला तर दुसरा मिळतोय. ह्या पोरीचा हात हरवला तर कुठल्या दुकानात जाऊ?"

हात कसा आहे हे ते प्रत्येक इनिंगनंतर विचारत. विचारण्याची रीत ठरलेली होती. मुलीच्या तोंडाकडं न बघता, तिचं कोपर आपल्या हातात घेऊन, "कसा हाय?" एवढंच. मग वाट बघायची. आणि मुलगी उगाच तोरा मारून "बरा हाय" म्हणाली की, "हितं कोण पैलवान न्हाय. दुखलं तर सांगायचं."

बर्फ हा त्यांचा दुसरा छंद. सामन्यानंतर पिचरच्या कोपराला लावायला ते त्या दिवशी पहाटे मासळी बाजारातून बर्फ घेऊन तो स्टीलच्या मोठ्या डब्यात घालून एसटीत चढायचे. पेठ वडगावात तसा बर्फ मिळत नाही अशी त्यांची ठाम समजूत होती, आणि ती खोडून काढायचं धाडस कुणी केलं नाही. एकदा डबा गळायला लागला आणि पाणी पुढच्या सीटखाली गेलं. कंडक्टर आला.

"पावणं, पाणी गळतंय की तुमचं."

"पाणी न्हाय, बर्फ हाय."

कंडक्टरनं वाकून वास घेतला. "बर्फ हाय तर मासं कुठं हाईत?"

"मासं मैदानात हाईत. दुपारी तळायचेत."

सगळी गाडी हसली. सर हसले नाहीत. ते डबा मांडीवर घेऊन बसले आणि वडगाव येईपर्यंत त्यांची पँट भिजत राहिली.

त्यांच्या सचोटीची गोष्ट आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक होती. ते पंच असताना त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा धावत बेसवर, म्हणजे धावणाऱ्यानं गाठायच्या खुणेवर, आला आणि घसरला. चेंडू आधी की पाय आधी, हे कुणालाच नीट दिसलं नव्हतं. भाच्याच्या बाजूनं दिलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. सरांनी आऊट दिलं. त्या दिवाळीत बहिणीकडून फराळ आला नाही. मी विचारलं, "वाईट वाटलं असेल." तर म्हणाले, "चकली चांगली करती ती. पण आऊट ते आऊट."

ही गोष्ट सांगितली, कारण पुढं त्यांना नेमकं इथंच टोचलं गेलं.

दुपारी जेवण झालं की ते ग्रंथालयात यायचे. खिशात एक जुना चेंडू असे, त्याची शिवण उसवलेली. तो टेबलावर तळहाताखाली फिरवत फोनवर अमेरिकेतल्या बातम्या बघायचे. तिकडं दर हंगामात सर्वांत चांगल्या पिचरला मोठा मान देतात आणि तो कुणाला द्यावा यावर महिनाभर भांडणं चालतात, हे मला त्यांच्यामुळं कळलं. मला त्यातलं एक नाव धड उच्चारता येत नसे. तरी ते मला विचारत.

"आता बघा मॅडम. ह्यो एक. लई सामने जिंकला. आणि ह्यो दुसरा. जिंकला कमी, पण ह्याच्यावर कुणाला धावाच काढता आल्या न्हाईत. ह्याची टीमच दळभद्री. मान कुणाला?"

"जिंकला त्याला ना?"

"झालं!" चेंडू थांबायचा. "एवढी पुस्तकं वाचून तुमी बी तसंच. अवो, सामना टीम जिंकती. पिचर न्हाय. पिचरनं काय करायचं? समोरच्याला धाव द्यायची न्हाय. ते केलं का त्यानं? केलं. मग आपल्याच माणसांनी धावा काढल्या न्हाईत ह्यात त्याचा काय दोष?"

मला ते पटलं होतं. अजून पटतं. म्हणून तर लिहिताना हात अडखळतो.

शिवलीला त्यांना भांड्यांच्या दुकानात सापडली. वडगावच्या पेठेत तिच्या वडिलांचं, मल्लिकार्जुनआप्पांचं, दुकान आहे. चार पिढ्या भांडी विकणारं लिंगायत घर. सर डबा घ्यायला गेले होते, बर्फाचाच. आप्पा शिडीवर चढून माळ्यावर वाट्या रचत होते, आणि ही खालून वाट्यांच्या चळती वर फेकत होती. चळत न विस्कटता नेमकी आप्पांच्या हातात. सर डबा विसरले.

"आप्पा, ही पोरगी माझ्याकडं द्या."

आप्पा शिडीवरूनच म्हणाले, "आणि वाट्या कोण फेकणार, सर?"

"वाट्या तुमी चढून न्या. वजन बी कमी हुईल तुमचं."

तिसऱ्या वर्षाला असताना शिवलीला जिल्ह्यातली पहिली पिचर होती. हे माझं मत नाही, मला खेळातलं कळत नाही. पण तिच्यासमोर दांडा घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलींचे चेहरे मी बघितले आहेत. त्या मारायला आलेल्या नसत, उरकायला आलेल्या असत. तरी आमचं कॉलेज निम्मे सामने हरलं. एका धावेनं, कधी दोन. शिवलीलाच्या मागं उभ्या असलेल्या मुलींच्या हातातून चेंडू निसटत. आमच्या मुली, धुणीभांडी करून सकाळची पहिली गाडी पकडणाऱ्या. त्यांच्याकडून जास्त मागणंही बरं नव्हतं.

त्याच हंगामात देसाई सरांच्या कॉलेजची पिचर ऋतुजा एकही सामना हरली नाही. चांगली मुलगी, चांगली पिचर. हेही लिहायला हवं.

हंगामातल्या सर्वोत्तम पिचरला आमच्याकडं गदा देतात. बेसबॉलला गदा कशाला, असं कुणी कधी विचारलं नाही. ती दादू वस्तादांनी दिली होती. वस्ताद जुने पैलवान, आता थकलेले, मुलींच्या कुठल्याही खेळाला पहिल्या रांगेत येऊन बसणारे. जिंकणाऱ्याला द्यायची वस्तू त्यांना एकच ठाऊक होती. गदा मिळालेली मुलगी राज्याच्या शिबिराला थेट जायची, निवड चाचणी न देता. तिथून पुढं खेळाडूंच्या जागेवरची नोकरी, निदान तशी आशा. म्हणून भांडण नुसत्या गदेचं नव्हतं.

निवड करणारे तिघं होते. वस्ताद, देसाई सर आणि चौगुले सर. त्यांची बैठक माझ्या ग्रंथालयात झाली, कारण कॉलेजात मोठं टेबल तिथंच आहे. मी काउंटरवर पुस्तकांवर शिक्के मारत होते. ऐकू न येण्याचा प्रश्नच नव्हता. तिघांचाही आवाज मैदानातला.

"ऋतुजा एकही मॅच हरलेली नाही, चौगुले. आता यात चर्चा कसली?" देसाई म्हणाले.

"तिच्या मागं आठ पोरी हाईत, त्या चेंडू भुईला टेकू देत न्हाईत. हिच्या मागं आठ हाईत, त्यातल्या दोघी ऊन लागतंय म्हणून डोळं मिटून उभ्या ऱ्हात्यात. तुमी धावा बघा. हिनं किती दिल्या, तिनं किती दिल्या."

"मग निकालाला काही अर्थच नाही?"

"टीमच्या निकालाला हाय. टीमला कप दिला की तुमी. ही गदा पिचरची हाय."

वस्तादांनी खुर्ची मागं सरकवली. "चौगुले, तुझं बोलणं डोस्क्यात शिरतंय. पर हरलेल्याला गदा दिलेली मी जन्मात बघितली न्हाय बाबा."

"ती हरली न्हाय, वस्ताद. आमी हरलो."

बोलणं बराच वेळ असंच फिरत राहिलं. वस्ताद हळूहळू सरांकडं झुकत होते, हे मला काउंटरवरून दिसत होतं. आणखी पाच मिनिटं गेली असती तर मिटलं असतं. तेव्हा देसाई हसून म्हणाले, "वस्ताद, आपल्या घरचा पैलवान सगळ्यांनाच भारी दिसतो हो."

चेंडू फिरायचा थांबला.

देसाई वाईट माणूस नाही. वादात माणूस बोलतो तसं ते बोलले. पण भाच्याला आऊट देणाऱ्या माणसाला ते बोलले. सरांचं तोंड लाल झालं. तो एक क्षण मोकळा राहिला, आणि वस्तादांनी कोल्हापुरात जे कुणीही म्हणालं असतं तेच म्हटलं.

"मग बोलून काय उपेग? जोड लावा दोघींची. मातीत ठरूद्या."

आमच्याकडं कोण भारी हा वाद तोंडानं मिटत नाही. दोन पैलवानांची जोड लावायची, आणि जो समोरच्याची पाठ टेकवेल तो भारी. लहान पोरांचं असो की पुढाऱ्यांचं. सरांनी आयुष्यभर ज्या एका गोष्टीशी भांडण मांडलं होतं ती त्यांच्यासमोर टेबलावर येऊन बसली होती. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. म्हणालेही आधी. "परवाच्या दिवशी पूर्ण सामना टाकलाय तिनं. हाताला चार दिवस तरी पायजेत."

"ऋतुजानंपण टाकलाय," देसाई म्हणाले. "आमची तयार आहे."

सरांनी चेंडू खिशात टाकला. मग म्हणाले, "मागं उभ्या ऱ्हाणाऱ्या पोरी दोघींना त्याच. मारणाऱ्या बी त्याच. दुसऱ्या कॉलेजच्या. म्हंजे वजन सारखं. उद्या कोण म्हणाय नको."

"मंजूर," देसाई म्हणाले.

"लावा जोड."

जाताना ते काउंटरपाशी थांबले. मी शिक्का मारत होते त्या पुस्तकाकडं बघत म्हणाले, "एकदा कळूद्या सगळ्यांना, मॅडम." मला ते काही विचारत नव्हते.

दुसऱ्याच दिवशी शनिवार होता. मी गेले. मैदानाच्या कडेला चिंचेच्या झाडाखाली उभी राहिले. इतकी माणसं त्या खेळाला मी कधी बघितली नव्हती. जोड लागली आहे म्हटल्यावर तालमीतली पोरं आली होती, त्यांनी हलगी आणली होती. त्यातल्या कुणालाही बेसबॉलचा नियम ठाऊक नसावा. जोड ठाऊक होती. आप्पा दुकान बंद करून आले होते, पांढऱ्या टोपीत, अवघडून.

त्याच मुली मारायला येत होत्या. एक इनिंग ऋतुजा टाकायची, एक शिवलीला. सर नेहमीच्या जागी उभे होते. चिंचोका उजवीकडून डावीकडं, उजवीकडून डावीकडं. कुणालाच धाव मिळेना. इनिंग संपली की शिवलीला कडेला यायची, सर तिचं कोपर हातात घ्यायचे. मी जवळच होते. त्या दिवशी त्यांनी "कसा हाय?" असं विचारलं नाही. ते म्हणाले, "बरा हाय न्हवं?"

"व्हय सर," ती म्हणाली.

प्रत्येक वेळी तेच. बरा हाय न्हवं. व्हय सर.

सातवी इनिंग संपली. सामना तिथं संपायचा होता. दोघींनीही एकही धाव दिली नव्हती. सरांचा हात उजव्या खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. त्यांनी हाताकडं बघितलं.

देसाई मैदान ओलांडून आले. "चौगुले, बास. पोरी दमल्या. बरोबरीत सोडवू. गदा दोघींत."

त्या माणसाचा मी पुढं पुष्कळ राग केला. पण हे वाक्य त्याचं आहे.

मागं हलगी वाजायला लागली होती. "निकाली! निकाली!" पोरं ओरडत होती. बरोबरीत सुटलेल्या कुस्तीला आमच्याकडं कुणी कुस्ती म्हणत नाही.

"दोघींत?" सर म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "गदा काय भाकरी हाय मोडून द्यायला? निकाल लागूद्या."

देसाई परत गेले. आठवी इनिंग सुरू झाली. शिवलीला उंचवट्यावर गेली, तिनं पहिला चेंडू फेकला. सरांचा हात उजव्या खिशाकडं गेला, थांबला. मग त्यांनी डाव्या खिशातून एक चिंचोका काढला आणि उजव्या खिशात टाकला. पुन्हा एक चेंडू, पुन्हा एक चिंचोका. उलटे. मी ते डोळ्यांनी बघितलं. त्यांना मी बघते आहे हे ठाऊक नव्हतं. स्वतः काय करतो आहोत हे तरी ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

नवव्या इनिंगमध्ये ऋतुजावर एक धाव निघाली. म्हणजे आता शिवलीलानं तिघींना आऊट केलं की संपलं. दोघी झाल्या. तिसरीला शेवटचा चेंडू टाकला, दांडा हवेत फिरला, चेंडू मागं बसलेल्या कॅचरच्या हातात. संपलं.

शिवलीला उंचवट्यावरच उभी राहिली. उजवा हात अंगाजवळ लोंबत होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. लोक धावले, गुलाल उडाला. वस्ताद सगळ्यांत पुढं. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. कुस्ती जिंकणाऱ्याला जो मान द्यायचा असतो तो त्यांनी तिला दिला. तिचा उजवा हात मनगटात धरून त्यांनी तो उंच केला.

तेव्हा ती ओरडली. हलगी थांबली.

दवाखान्यात सर बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलले. कोपराच्या आतला बंध तुटला आहे. एका चेंडूनं इतकं होत नाही, आधीपासून दुखत असणार. सर उठून आत गेले. आप्पा आणि मी दारात होतो.

"कवापासनं दुखतंय?"

"गुरुवारपासनं, सर."

"मग सांगितलं का न्हाईस? मी काय शिकवलंय?"

शिवलीलानं त्यांच्याकडं बघितलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर सरांना सोसलं असतं. ती म्हणाली, "सर, तुमी इचारलंच न्हाई. तुमी 'बरा हाय न्हवं' म्हणाला."

आप्पांनी सरांसाठी चहा मागवला. तो तसाच निवला.

सोमवारी कॉलेजच्या दारात फ्लेक्स लागला. डाव्या हातात गदा धरलेली शिवलीला. उजवा हात झोळीत होता, म्हणून फोटो खांद्यापाशी कापला होता. कापलेल्या जागी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे गोल फोटो बसवले होते. राज्याच्या शिबिराला ऋतुजा गेली. जायलाच हवं होतं, दुसरं कोण होतं? पुढच्या हंगामापासून समितीनं सर्वोत्तम पिचर ठरवताना सामने किती जिंकले हे न बघता धावा किती दिल्या हे बघायचं ठरवलं. ठराव देसाईंनी मांडला. सर वादात जिंकले होते.

हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते पेपर वाचत होते. "बरं झालं," म्हणाले आणि पान उलटलं. खिशातला चेंडू आता नसे. ट्रॅकपँटचे दोन्ही खिसे त्यांनी वहिनींकडून शिवून घेतले होते. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नसे. पाठीमागं बांधून चालायचे. मैदानावर तासिकेला त्यांनी दुसऱ्या शिक्षकाला पाठवायला सुरुवात केली. वडगावच्या स्टँडवर उतरून कॉलेजला यायचा जवळचा रस्ता पेठेतून आहे, भांड्यांच्या दुकानावरून. सर लांबच्या रस्त्यानं यायचे. मी त्यांच्याबरोबर त्याच रस्त्यानं चालायचे. एसटीतही आम्ही फार बोलत नसू. मला त्यांचा राग येत होता, आणि त्यांना तो कळत होता, तरी माझ्या बाजूला येऊन बसायचं त्यांनी सोडलं नाही.

शेवटचं बघितलं ते दिवाळीआधी. मी पेठेत समई घ्यायला गेले होते. आप्पांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं, सर हात मागं बांधून उभे होते. किती वेळ होते ठाऊक नाही. आत शिवलीला एका गिऱ्हाइकाला घागरी दाखवत होती. वरच्या आकड्याला अडकवलेली घागर तिनं काठीनं काढली, डाव्या हातानं, आणि ती जरा डगमगली. सर रस्ता ओलांडून गेले. मी मागं थांबले.

"कसा हाय?" त्यांनी विचारलं. जुन्या रीतीनं, तोंडाकडं न बघता. फक्त कोपर हातात घेतलं नाही.

"बरा हाय, सर. बसा की. चहा सांगू?"

ते वाट बघत उभे राहिले. पूर्वी बघत तशी. ती हसत होती. मग ते मागं फिरले आणि मला ओलांडून जाताना थांबले.

"अजून बरा हाय म्हणती," ते म्हणाले, आणि स्टँडकडं गेले. जवळच्या रस्त्यानं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी झोपेतच गेले.

गदा भांड्यांच्या दुकानात माळ्याखाली टांगलेली आहे. आप्पा तिला दर सणाला घासतात. वाट्या आता आप्पाच शिडीवर चढून नेतात. शिवलीलाचा उजवा हात कोपरात सरळ होत नाही.